वाऱ्यावाचून आलेल्या लाटा

कोकणच्या समुद्राशी ज्या घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे, त्या घरांतून भरती-ओहोटीचे गणित पंचांगावरून करण्याची जुनी चाल आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता, पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकराच्या पुढेमागे. आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोड्याफार मिनिटांचा फरक पडला तर पडतो. हे गणित आमच्या आजोबांनी आम्हांस शिकविले, आणि आम्हीही ते आजवर चारचौघांत मोठ्या ऐटीने सांगत आलो. २०२४ च्या मे महिन्यात हरिहरेश्वरी त्या ऐटीचे काय झाले, त्याची ही हकीकत आहे.

काकूंच्या नातवाची मुंज चैत्रात झाली. हरिहरेश्वर आमचे कुलदैवत. पेशव्यांचेही तेच, आणि त्यांचे मूळ गाव श्रीवर्धन तेथून जवळच. परंतु पेशव्यांशी आमचे नाते एवढ्यावरच संपते, हे सांगून टाकलेले बरे. मुंजीनंतर बटूला देवाच्या पायांवर घालावयाचे आणि त्याच्यासह प्रदक्षिणा करावयाची, असा काकूंचा संकल्प होता. काकूंचे वय शहात्तर. जूनमध्ये त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरलेली होती. तेव्हा "पुढल्या वर्षी पाहू" असे म्हणण्याची सोय कोणालाच उरली नव्हती.

ही प्रदक्षिणा देवळाच्या प्राकारातली नव्हे. देवळामागची टेकडी चढावी, दोन उभ्या कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी खाली समुद्रापर्यंत उतरावे, आणि काळ्या खडपांवरून टेकडीला वळसा घालावा, अशी ती वाट आहे. खाऱ्या पाण्याने व वाऱ्याने तेथले खडक मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कोरून काढले आहेत. ओहोटी असेल तेवढाच वेळ ही वाट मोकळी असते. भरतीच्या वेळी तेथे गेलेली माणसे परत आलेली नाहीत, असे पूर्वी अनेकदा घडले आहे. तशा सूचनेचे फलकही लाविलेले आहेत.

पुण्याहून ताम्हिणी घाटाने आम्ही सर्व मंडळी शुक्रवारी, तीन मे रोजी, दुपारी पोहोचलो. तिथी दशमी. पावणेदोनला ओहोटी होती, म्हणजे प्रदक्षिणा त्याच दिवशी उरकता आली असती. समुद्रही किती शांत! पहाटेचा मतलई वारा केव्हाच पडला होता, वायव्येकडून खारा वारा नुकता सुरू झाला होता, आणि पुळणीवर गुडघाभर उंचीच्या लाटा एकीमागून एक लगबगीने येऊन फुटत होत्या. बटूने तेथे एक नवीनच खेळ काढला. एक गायत्री म्हणून होईपर्यंत किती लाटा येतात, हे तो मोजू लागला. दोन येत. काकूंच्या कानावर हे गेले तेव्हा त्या रागावल्या. "गायत्री म्हणजे काय घड्याळ आहे का रे?" एवढे बोलून त्यांनी आम्हांस सांगितले, की उद्या एकादशी आहे, प्रदक्षिणा उद्याच करू. आम्हीही प्रवासाने शिणलो होतो. आम्ही रुकार दिला.

शनिवारी सकाळी कालभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे, मग पुन्हा कालभैरवाचे, असा तेथला क्रम यथासांग पार पडला. अडीचच्या ओहोटीच्या बेताने दोन वाजता टेकडी चढलो, तो पुढे गेलेली मंडळी परत येताना भेटली. खाली वाटेवर पाणी उडत होते. आकाशात ढगाचा ठिपका नाही, वारा कालच्याहून कमी, आणि समुद्र मात्र कालचा राहिला नव्हता. लाटा थोड्या येत होत्या, पण लांबच लांब, गुळगुळीत पाठीच्या, क्षितिजापासून सावकाश चालत आल्यासारख्या. आणि खडकाशी आल्या की एकदम उभ्या राहात. त्यांची गाज रात्री घरात निजल्यावरही ऐकू येत होती. "काही हरकत नाही," आम्ही काकूंना म्हणालो, "अमावास्या जवळ येते आहे, उद्या ओहोटी आजच्याहून खोल जाईल." गणित अगदी बरोबर होते.

संध्याकाळी पुळणीवर जाळे नीट करीत बसलेल्या एका वृद्ध कोळ्यापाशी आम्ही हा विषय काढला. त्याने मान वर न करताच उत्तर दिले, "वारा नाय, पन दर्या मोठा हाय." त्याच रात्री पुतण्याने भ्रमणध्वनीवर आलेले वृत्त वाचून दाखविले. समुद्राच्या स्थितीचे अंदाज देणारी भारत सरकारची एक संस्था हैदराबादेस आहे. तिने पश्चिम किनाऱ्यास उंच लाटांचा इशारा दिला होता. कारण वाचून आम्ही थक्क झालो. एप्रिलच्या अखेरीस दक्षिण अटलांटिक महासागरात, येथून सुमारे दहा हजार किलोमीटरांवर, एक वादळी क्षेत्र उद्भवले. ते हिंदी महासागराच्या दक्षिण भागात शिरले. आणि तेथे उठलेल्या लाटा वारा मागे टाकून आमच्या दाराशी येऊन पोहोचल्या होत्या. किनाऱ्यालगतच्या वाऱ्याने उठणारी लाट आखूड असते व लवकर मरते. दूरच्या वादळाची लाट लांब असते, तिचे बळ खोलवर पोहोचलेले असते, ती हजारो किलोमीटर चालली तरी फारशी थकत नाही, आणि उथळ पाण्यात येताच ते बळ उंचीच्या रूपाने बाहेर पडते. केरळात अशा समुद्राला 'कळ्ळक्कडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. हा शब्द २०१२ साली युनेस्कोनेही मान्य केला आहे. पंचांगात चंद्रसूर्य आहेत. दक्षिण अटलांटिकमधले वादळ त्यात कोठून यावे?

इतके कळल्यावरही रविवारी आम्ही जे केले ते सांगावयास संकोच वाटतो. द्वादशी होती, सव्वातीनची ओहोटी. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो ते गृहस्थ बरोबर होते. ते आणि काकू वरच थांबल्या होत्या. वरून पाहिले तर वाट कोरडी, समुद्र निवांत. पाच मिनिटे गेली, सात गेली, तरी मोठी लाट आली नाही. जरा खाली जाऊन पाहून येऊ, असे म्हणून आम्ही बटूचा हात धरला आणि त्या फटीतून उतरू लागलो. तो मनाशी पुटपुटत होता. शेवटच्या काही पायऱ्या राहिल्या असता तो म्हणाला, "काका, एक पूर्ण झाली, दुसरी अर्धी झाली, तेव्हा कुठे लाट आली."

तेवढ्यात वरून हाक आली. "ओहोटीला इतक्या वरचा खडक ओला का आहे, ते बघा आधी!"

आम्ही बघितले. आमच्या डोक्याच्या उंचीपर्यंत दोन्ही बाजूंचा कडा ओला होता, आणि त्यावरून पाणी निथळत होते. मग आम्ही विचार करीत उभे राहिलो नाही. मुलाला पुढे घालून दहा-बारा पायऱ्या चढलो असू, तोच पाठीमागे फट भरली. एक लाट, तिच्या मागोमाग दुसरी, मग तिसरी. तिसरीचे पाणी आमच्या पोटऱ्यांना लागून परत गेले, आणि जिथे आम्ही नुकतेच उभे होतो तेथल्या पायऱ्या बराच वेळ दिसल्या नाहीत. दुरून आलेल्या लाटा अशा घोळक्याने येतात आणि मध्ये समुद्र फसवा शांत राहतो, हे आम्ही आदल्या रात्रीच वाचले होते.

काकू त्या संध्याकाळी आमच्याशी बोलल्या नाहीत. रात्री ताक वाढताना एवढेच म्हणाल्या, "संकल्प माझा होता. त्यासाठी त्याला खाली न्यायला मी सांगितलं नव्हतं." ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. सोमवारी निघावयाचे ठरले होते, पण आम्ही रजा दोन दिवस वाढविली. त्या सोमवारी खाली कन्याकुमारी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अशाच लाटांनी वैद्यकीय महाविद्यालयाच्या पाच विद्यार्थ्यांना ओढून नेले. ते वृत्त घरात वाचले गेले तेव्हा कोणी आमच्याकडे पाहिले नाही, ही त्यांची कृपा.

मंगळवारी, चतुर्दशीस, समुद्र उतरला. लोकसभेच्या मतदानाचा तो दिवस. घराचे यजमान बोटावर शाई लावून आले, आधी एकटेच खाली उतरून कडा हात लावून पाहून आले, आणि मग चला म्हणाले. पावणेपाचची ओहोटी होती आणि खडपे दूरवर उघडी पडली होती. वायव्येचा वारा पुन्हा अंगाला लागत होता. काकूंना दोघांनी दोन बाजूंनी धरले होते. त्या खालच्या शेवटच्या पायरीवर थांबल्या, समुद्राकडे त्यांनी जरा वेळ पाहिले, आणि नातवाला जवळ बोलाविले.

"म्हण रे एकदा," त्या म्हणाल्या, "नीट, सावकाश."

त्याने डोळे मिटून म्हटली. दोन लाटा आल्या. काकूंनी पाऊल खाली टाकले.