हात किती अंतरावर असावा?

दोरीच्या मल्लखांबाचे प्रशिक्षक तयार करणाऱ्या शिबिरात डॉक्टरचे काम तसे मर्यादित असते. प्रथमोपचाराचे दोन तास घ्यायचे, सांधे व स्नायू यांची तोंडओळख करून द्यायची, प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी चार प्रश्न काढून द्यायचे आणि चहा घेऊन दवाखान्यात परतायचे. गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातील एका व्यायाममंडळाने दहा दिवसांचे असे शिबिर भरविले, तेव्हा मला याच कामासाठी बोलावणे आले. दोन तासांऐवजी मी तेथे चार सकाळी काढल्या. प्रात्यक्षिकांच्या वर्गात जे चालले होते, ते माझ्या वृद्ध रुग्णांना रोज उठविणाऱ्या-बसविणाऱ्या माणसांच्या फार उपयोगाचे आहे, असे मला पहिल्याच दिवशी वाटले.

पुरलेला मल्लखांब आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. सागवानी वा शिसवी खांब, त्याला चोळलेले एरंडेल आणि त्यावर सरसर चढणारी मुले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नव्याने उजाळा दिला, हा इतिहासही परिचित आहे. दोरीचा प्रकार हे त्याचे धाकटे भावंड. पूर्वी तो वेतावर होत असे, पुढे वेताची जागा सुती दोरीने घेतली. सुमारे साडेपाच मीटर लांबीची दोरी वर आकड्याला अडकविलेली असते. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात ती धरायची, अंगाभोवती तिचे वेढे घ्यायचे आणि कोठेही गाठ न मारता, केवळ त्या वेढ्यांच्या पकडीवर अधांतरी आसन लावायचे. हल्ली मोठ्या शहरांत छतापासून लोंबणाऱ्या रेशमी कापडावरही अशाच कसरती शिकवितात (रेशमी म्हणायचे इतकेच, ते बहुधा नायलॉनचे असते). शिबिरात तशा वर्गांतून आलेल्या तीन मुलीही होत्या. पॅरिसमध्ये ज्यूल लेओतारने १८५९ साली झोपाळ्यावरून झोपाळ्यावर उडी घेऊन दाखविली आणि सांगलीकडच्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० च्या सुमारास सर्कस काढली; त्या दोन्ही परंपरा आमच्या मंडळाच्या पत्र्याच्या छपराखाली एकत्र आल्याचे पाहून मला मौज वाटली.

शिबिरातील पहिला पाऊण तास कोणी दोरीवर चढतच नसे. सत्तरीकडे झुकलेले वस्ताद डोळे मिटून दोरी मुठीतून हळूहळू ओढत असत आणि प्रत्येक प्रशिक्षणार्थीलाही तसेच करायला लावीत. झिजलेला पीळ, तुटू लागलेला धागा डोळ्यांआधी बोटांना कळतो. मग आकडा, त्याची कडी, वरची तुळई आणि खालची गादी. पन्नास किलो वजनाची मुलगी दोरीवर निश्चल असताना दोरीवर तिच्या वजनाइतकाच भार पडतो. पण ती वीतभर घसरून झटक्याने थांबली, तर क्षणभर तो भार कितीतरी पटींनी वाढतो. दोरी निवडायची ती या झटक्याचा हिशेब धरून. हे ऐकताना मला घरोघरची न्हाणीघरे आठवली. म्हातारी माणसे तोल गेला की टॉवेल वाळत घालण्याच्या नळीला धरतात. ती नळी टॉवेल पेलण्यासाठी बसविलेली असते, माणूस पेलण्यासाठी नव्हे. आपल्या घरातील आजी-आजोबा उठता-बसता नेमके कशाला धरतात, हे एकदा शांतपणे पाहून घ्यावे आणि त्या जागी भिंतीत पक्का बसविलेला कठडा लावावा.

लोंबकळण्यापूर्वी खांदे कानांपासून दूर, खाली ओढून घ्यायचे, हा प्रात्यक्षिकातील पहिला धडा. खांदे सैल सोडून लोंबकळले की सगळा भार सांध्याच्या आवरणावर आणि बंधांवर येतो. पाठीचे स्नायू आधी कामाला लावले की तो वाटला जातो. दुसरा धडा मुठीचा. बोटे उघडू लागली, श्वास रोखला जाऊ लागला किंवा एरवी बडबडणारे मूल एकाएकी गप्प झाले, की त्याला खाली आणायचे. मुठीच्या ताकदीकडे आम्ही डॉक्टरही अलीकडे अधिक लक्ष देऊ लागलो आहोत. १७ देशांतील सुमारे १,४०,००० प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांची पकड दुर्बल, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक, असे त्यात आढळले. मूठ आवळून आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नाही. एकूण शरीराची ताकद किती उरली आहे, याची ती एक सोपी खूण आहे. बरणीचे झाकण उघडेनासे झाले, पिळलेल्या पंचाचे पाणी निथळतच राहिले, तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

उलटे होण्याचा भाग मी जरा कठोरपणे शिकविला. काचबिंदू, दृष्टिपटलाचा विकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मानेच्या मणक्यांचा त्रास यांपैकी काही असेल, तर डोके खाली नि पाय वर ही स्थिती टाळायची. उलटे झाल्यावर डोळ्यांतील दाब वाढतो. हे कसरतींपुरतेच नाही. साठी उलटलेल्या काही मंडळींना शीर्षासनाचा नव्याने उत्साह येतो, त्यांनी आधी डोळे तपासून घ्यावेत.

आधार देण्याचा वर्ग हे या शिबिराचे खरे अंग होते. शिकविणाऱ्याने उभे कोठे राहावे, कोणता हात कमरेपाशी ठेवावा, कोणता मानेजवळ, आणि नजर कोठे असावी, याची घटकान्‌घटका तालीम चाले. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकविला आहे. जेथे दाखविण्याला अर्थ नाही, तेथे शिक्षकाच्या हातालाच बोलावे लागते. आमच्या वस्तादांनी त्याच धर्तीवर प्रशिक्षणार्थींच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना एकमेकांचा भार ओळखायला लावले.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने एका अनोळखी मुलाला पंधरा मिनिटांत पहिली चढ शिकवायची होती. दोघे अनुत्तीर्ण झाले. पहिला तरुण स्वतः उत्तम खेळाडू. मुलाचा पायाचा अंगठा नीट बसावा म्हणून तो वाकला आणि तेवढ्यात त्याचा कमरेपाशी असलेला हात सुटला. मूल पडले नाही, गादीही खाली होती. तरीही वस्तादांनी वही मिटली. त्याबद्दल कोणाला काही वाटले नाही. दुसरी मात्र अतिशय प्रेमळ मुलगी होती. तिने त्या छोट्या मुलीला क्षणभरही सोडले नाही. मुलगी दोन हात वर गेली, हसत खाली आली. वस्ताद म्हणाले, “पोरगी चढली नाही. तू तिला चढवलीस. तिच्या मुठीला भार कळलाच नाही.” मुलगी रडवेली झाली. मला तो निकाल कडक वाटला, आजही थोडा वाटतो. पण तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही.

त्याच आठवड्यात मी एका घरी तपासणीसाठी गेले होते. काका ७८ वर्षांचे, पाच महिन्यांपूर्वी पक्षाघात होऊन डावी बाजू दुर्बल झालेली. काकू ७२ वर्षांच्या, वजनाने काकांच्या जेमतेम दोन-तृतीयांश. मुलगा परगावी. फिजिओथेरपिस्टने चालायला सांगितले होते आणि काका चालूही लागले होते. पण एकदा न्हाणीघरात पडले आणि त्यानंतर पाच आठवडे काकूंनी त्यांना पलंगावरून खाली उतरू दिले नव्हते. भरविणे, पुसणे, कूस बदलणे सारे त्या एकट्या करीत. घर लखलखीत, औषधांची वही चोख. मी काकांना कुशीवर वळविले. माकडहाडापाशी रुपयाएवढी जागा लाल झाली होती आणि बोटाने दाबली तरी ती पांढरी पडत नव्हती. शय्याव्रणाची ही पहिली पायरी. पलंग माणसाला सांभाळतो असे वाटते, तेव्हाच तो त्याची त्वचा आणि मांड्या खात असतो.

“काकू, यांना उठवायला हवं,” मी म्हटले.

“आणि परत पडले तर? मला उचलता यायचं नाही हो, डॉक्टर. शेजारची पोरं दिवसा कामावर असतात.”

या प्रश्नाला धीराचे शब्द हे उत्तर नव्हते. वस्ताद चढण्याच्या आधी उतरणे शिकवीत, तोच क्रम मी येथे धरला. काकूंनी आधी पाडायला, म्हणजे नीट खाली बसवायला शिकायचे होते. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टला बरोबर घेऊन गेले आणि रुग्णाच्या जागी मी स्वतः उभी राहिले. माझे वजन ५८ किलो. माणूस कोसळू लागला की त्याला ताठ धरण्याचा प्रयत्न करायचा नाही, त्यात दोघेही पडतात. त्याला स्वतःच्या अंगाशी ओढून घ्यायचे, एक पाय पुढे टाकायचा आणि आपल्या मांडीवरून त्याला सावकाश जमिनीवर घसरू द्यायचे, डोके सांभाळून. काकूंनी मला सात वेळा जमिनीवर बसविले. चौथ्यांदा त्यांना हसू आले.

मग उठविणे. काखेत हात घालून किंवा दंडाला धरून ओढायचे नाही. पक्षाघाताच्या बाजूचा खांदा अशाने निखळू शकतो. काकांच्या कमरेला जाड, रुंद सुती पट्टा बांधला. पलंगाच्या कडेला बसवून मिनिटभर थांबायचे, कारण आडवे असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब एकदम उठल्यावर उतरतो आणि अंधारी येते. पावले जमिनीला पूर्ण टेकलेली आणि गुडघ्यांच्या किंचित मागे. धड पुढे झुकवायचे, नाक पायांच्या बोटांपर्यंत येईल इतके. की बैठक आपोआप हलकी होते. काकूंनी डाव्या बाजूस उभे राहून आपल्या गुडघ्याने त्यांचा दुर्बल गुडघा अडवायचा, पट्टा धरायचा आणि तीन म्हणताच उठायचे ते काकांनी. काकू आरंभी सवयीने उचलीतच राहिल्या. “थांबा,” असे मला चारदा सांगावे लागले. पाचव्या वेळी काका स्वतःच्या उजव्या पायावर उठले, आणि त्यांच्या मांडीचा थरथराट पाहून त्या घाबरल्या. तो थरथराट स्नायू कामाला लागल्याचा होता.

इतके करूनही माणूस पडू शकतो, हे मी त्यांच्यापासून लपविले नाही. पडल्यावर घाईने उचलायचे नाही. आधी कोठे दुखते ते विचारायचे. एक पाय आखूड दिसत असेल, बाहेरच्या बाजूस वळलेला असेल आणि हलविताना कंबरेत किंवा जांघेत कळ येत असेल, तर हाड मोडल्याचा संशय धरून जागचे हलवायचे नाही आणि १०८ ला फोन करायचा. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर माणूस बरा दिसत असला तरी रुग्णालय गाठायचे. हा कागद काकूंनी माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतला आणि दूरध्वनीशेजारी चिकटविला.

तीन आठवड्यांनी माकडहाडापाशी लाली राहिली नव्हती. आता काका पलंगापासून गॅलरीपर्यंत चौदा पावले टाकतात. काकू त्यांच्या डावीकडे, अर्धे पाऊल मागे असतात; हात पट्ट्यापासून दोन बोटांवर. त्या रागावतात फार, अशी काकांची तक्रार आहे. काकूंची तक्रार अशी की त्यांना आता खाली कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जायचे आहे. जिन्याला कठडा एकाच बाजूस, तोही उतरताना डाव्या हाताला येणारा, म्हणजे यांच्या काही कामाचा नाही. उजवीकडे दुसरा बसविल्याशिवाय पायरी उतरायची नाही, असे मी बजावले आहे. सुताराने मंगळवारी येतो म्हणून सांगितले आहे. कोणत्या मंगळवारी, ते सांगितलेले नाही.