अलिबागेहून दोन पत्रे

(१)

अलिबाग, कार्तिक शुद्ध द्वादशी, रविवार

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आज आपले पारणे यथासांग झाले असेल. सबंध आठवडा लोकलच्या दारात उभे राहून ज्याने श्वासदेखील जपून घेतला, त्याला गेटवेच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या सकाळच्या लाँचीत वरच्या मजल्यावर बसावयास मिळणे ही केवढी चैन आहे, हे वर्ध्याच्या ऐसपैस ओसरीवरून ध्यानात येणे कठीण. मात्र हीच चैन करण्याची बुद्धी अर्ध्या मुंबईस एकाच दिवशी होत असल्यामुळे, तिकिटाच्या रांगेपासून मांडव्याच्या जेट्टीपर्यंत सारे दादर स्टेशन आमच्या सोबतीस होते. थंडीच्या हंगामात दूरदेशाहून येणारे कुरव पक्षी लाँचीच्या मागे लागतात, त्यांना मंडळी तळलेले पदार्थ भिरकावतात, आणि हे समुद्राचे स्वाभिमानी पाहुणे हळूहळू देवस्थानातल्या माकडांच्या पंगतीस जाऊन बसत आहेत, हे मला मुळीच रुचले नाही.

मांडव्याहून बसने अलिबागेस पोहोचलो तेव्हा कुलाबा किल्ला चहूबाजूंनी पाण्यात उभा होता. किनाऱ्यावरील मंडळी हातातील घड्याळाकडे पाहून त्रासत होती. परंतु येथील वेळ घड्याळावर नव्हे, पंचांगावर चालते. वाळूत टोपली घेऊन बसलेल्या एका वृद्ध कोळणीने मला तिचा हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, आणि तेथून सहा तासांनी सुकती. आज द्वादशी, म्हणजे भरती नऊला आणि सुकती तीनला. तोवर सुरूच्या सावलीत बसून हे पत्र लिहीत आहे.

येथून जवळच ती प्रसिद्ध चुंबकीय वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासून मुंबईत कुलाब्यास होत असत. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे घाटू लागल्यावर त्या विजेने सुया विचलित होतील म्हणून १९०४ साली हे काम अलिबागेस हलविण्यात आले, आणि येथील इमारतीत लोखंडासारख्या चुंबकीय वस्तूंना मज्जाव करण्यात आला. मुंबईचा उपद्रव असह्य होऊन येथे आलेल्यांत ती सुईच काय ती शहाणी. ती सायंकाळच्या लाँचीने परत गेली नाही.

(२)

मांडवा, सायंकाळ

शिरसाष्टांग नमस्कार. लाँचीस अवकाश आहे, म्हणून दुसरे पत्र.

कोळणीचा हिशेब चुकला नाही. दोनच्या सुमारास समुद्राने वाट मोकळी करण्यास प्रारंभ केला आणि आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून, कालवांनी खरबरीत झालेले खडक चुकवीत, किल्ल्यात गेलो. शिवछत्रपतींनी अखेरच्या काळात बांधावयास घेतलेल्या आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झालेल्या या किल्ल्याचा तट आपण हात लावून पाहावा असा आहे. प्रचंड चिरे नुसते एकावर एक रचले आहेत, दरज चुन्याने भरलेली नाही. लाट आदळते, तिचे पाणी फटींत शिरते, आणि तिचा जोर तेथेच जिरून जातो. मी एका फटीत मनगटापर्यंत हात घातला, तो आत गार ओल आणि एक भेदरलेला खेकडा. आत राघोजी आंग्र्यांनी बांधलेले सिद्धिविनायकाचे देवालय आहे, आणि चोहोंकडे खारे पाणी असता येथील विहिरीचे पाणी गोड आहे.

उत्तरेकडील तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. त्यांच्यापाशी छायाचित्रे काढून घेणारी तरुण मंडळी कान्होजींचा जयजयकार करीत होती. पण त्या तोफा इंग्लंडातील यॉर्कशायरच्या कारखान्यात ओतलेल्या, आणि त्यांवर साल आहे १८४९. कान्होजी १७२९ साली निवर्तले, आणि आंग्र्यांची दौलतही १८४० च्या सुमारास कंपनी सरकारने खालसा केली होती. कान्होजींची समाधी गावातच, बाजारापासून हाकेच्या अंतरावर आहे. तेथे मात्र मी गेलो तेव्हा दुसरे कोणीही नव्हते.

नागाव, चौल, रेवदंडा राहिले. नारळीपोफळीच्या वाड्यांतून जाणारा तो रस्ता एका दिवसाच्या धावपळीत उरकण्याजोगा नाही, आणि बसच्या खिडकीतून पाहून ‘पाहिले’ म्हणण्याची मला हौस नाही.

आपण मातोश्रींसह यावे, अशी विनंती आहे. पावसाळ्यात लाँची बंद असतात, तेव्हा माघाच्या आत निघावे. रविवार टाळावा, दशमी ते त्रयोदशी यांपैकी एखादी तिथी साधल्यास दुपारी किल्ल्यात पायी जाता येईल. तिथी पाहून वार कळवावा, म्हणजे मी रजेचा अर्ज देतो.

आपला आज्ञाधारक,
बाळ