नोंद बदला, पण जुनी पुसू नका

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आपल्या बीड जिल्ह्यात शेती असलेल्या घरात सातबारा जपून ठेवलेला असतोच. आज जमीन कुणाच्या नावावर आहे, हे तो सांगतो. पण ती आजोबांकडून इथवर कशी आली, आत्याचं नाव कधी आणि कशामुळे कमी झालं, हे पाहायचं तर गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही काढावी लागते.

तिची रीत बघा. खरेदी झाली किंवा वारस लावायचे असले, की तलाठी फेरफार धरतात. त्याला क्रमांक पडतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हस्तलिखित सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करायचे आणि फेरफार क्रमांक लिहायचे. त्या क्रमांकाचं बोट धरून मागे जाता येतं.

संगणकाच्या डेटाबेसमध्ये मात्र नुसती दुरुस्ती केली, तर जुन्या माहितीवर नवी बसते आणि जुनी जाते. म्हणून जावा भाषेत काम करणारे 'हायबरनेट एन्व्हर्स' वापरतात. ज्या माहितीचा इतिहास हवा, तिच्यावर 'ऑडिटेड' अशी खूण करायची. मग मूळ तक्त्याबरोबर इतिहासाचा वेगळा तक्ता तयार होतो. प्रत्येक बदलाला क्रमांक आणि वेळ मिळते. नव्या नोंदीला 0, बदलाला 1, काढलेल्या नोंदीला 2 असा आकडा पडतो. पुढे 'ऑडिट रीडर'ला क्रमांक दिला, की त्या वेळची नोंद समोर येते. बदल कुणी केला, हे मात्र आपोआप लिहिलं जात नाही. ती सोय मुद्दाम जोडावी लागते.

जुन्या नोंदीचं मोल आपण पाहिलंय. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मराठवाड्यात निजामकालीन महसुली कागदांबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरंही उघडली गेली. कुण्या गुरुजींनी लिहिलेली एक ओळ नातवंडांच्या कामी आली.

आपलं जनरल रजिस्टरही तसंच आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली लेकरं शाळा बदलतात; दाखल्यावरची जन्मतारीख त्यांच्यासोबत जन्मभर चालते. म्हणून गुरुजनहो, दुरुस्ती करताना खाडाखोड नको. जुनी नोंद वाचता येऊ द्या, मंजुरीचा आदेश क्रमांक आणि तारीख लिहा. पालकहो, त्या आदेशाची प्रत सांभाळा.

आणि एक करा. मुलांना घरी शेजारी बसवून सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक शोधायला लावा. वहीत चार रकाने आखा: आधी काय होतं, आता काय आहे, कधी बदललं, कुणी बदललं. डेटाबेसचा पहिला धडा तिथेच होतो.