बॉल सुटते कवा न् पोचते कवा

मुलींच्या क्रिकेटचा चेंडू दुकानात ‘१४२ ग्रॅमचा’ म्हणून मागावा लागतो. नियमानं तो १४० ते १५१ ग्रॅमच्या दरम्यान असतो, पुरुषांचा १५६ ते १६३. घेरही किंचित कमी. खेळपट्टी मात्र तीच २२ यार्डांची आणि स्टंपही तेवढेच उंच. अमरावती-अकोल्याकडच्या आम्ही बहुतेक जणी पोरांच्याच चेंडूवर वाढलो. नेटमध्ये सगळी पोरं आणि एखाददुसरी पोरगी असली की तिच्यासाठी वेगळा चेंडू कोण आणणार? म्हणून १४२ चा चेंडू पहिल्यांदा हाती आला तेव्हा बोटं त्याच्यावर नीट बसली, आणि इतकी वर्षं आपण दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून पळत होतो असं वाटलं.

चेंडू बदलला, पण मैदानाच्या कडेला मोटारसायकलवर बसून सामना बघणारे काका बदलले नाहीत. ते प्रत्येक गावात असतात. “बॉल सुटते कवा न् पोचते कवा!” मी मध्यमगती बोलर. वेग ताशी १०५ ते ११० किलोमीटरच्या आसपास. काकांनी टीव्हीवर १४५ चे आकडे पाहिलेले. सुरुवातीला हे फार लागायचं. आता लागत नाही. का, ते सांगायचं तर हवेपासून सुरुवात करावी लागेल.

सीम म्हणजे चेंडूची शिवण. ती जरा तिरकी धरून चेंडू सोडला की एका बाजूची हवा त्या शिवणीला अडखळते. तिथला हवेचा पातळ थर खवळतो आणि चेंडूच्या अंगाला जास्त वेळ चिकटून राहतो. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूची हवा लवकर सुटते. या फरकामुळे चेंडू सीम जिकडे रोखलेली असते तिकडे सरकतो. हाच स्विंग. वेग फार वाढला तर गुळगुळीत बाजूची हवाही आपोआप खवळते, दोन्हीकडचा फरक मिटत जातो आणि स्विंगही कमी होतो. नासामधले वातगतिकीचे अभ्यासक रवींद्र मेहता यांनी क्रिकेटच्या चेंडूवर बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या प्रयोगांत सीम सुमारे २० अंश तिरकी असताना सगळ्यात जास्त स्विंग मिळाला तो ताशी ११२ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जो वेग काकांना झोप आणतो, त्याच वेगात चेंडू सगळ्यात जास्त बोलतो. प्रयोगातला चेंडू पुरुषांचा होता हे खरं, पण आमच्या चेंडूची शिवण काही वेगळ्या धाग्याची नसते.

आणखी एक गंमत. बाजूला ढकलणारा जोर चेंडूवर सगळ्या वाटेभर सारखाच राहिला, तर निम्मं अंतर कापेपर्यंत एकूण वळणाचा जेमतेम चौथा हिस्सा दिसतो. उरलेले तीन हिस्से पुढच्या अर्ध्या वाटेत. बॅटरला तो ‘उशिरा वळला’ असं वाटतं. प्रत्यक्षात तो हातातून सुटला तेव्हापासूनच वळत असतो. गोव्याकडून खेळलेल्या शिखा पांडेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात, कॅरारा मैदानावर, अलिसा हीलीला पहिल्याच षटकात बोल्ड केलं तो चेंडू मी कितीदा पाहिला असेन. ऑफ स्टंपच्या खूप बाहेरून तो आत आला. लोक त्याच्या टप्प्यानंतरच्या वळणावर खूश होतात. मी तो चेंडू थांबवून थांबवून तिचं मनगट बघते.

कारण हे सगळं हवेचं शास्त्र मनगटावर येऊन थांबतं. सीम तिरकी धरणं सोपं. हातातून सुटल्यावर ती तशीच, न डगमगता, मागे फिरत राहिली पाहिजे. त्यासाठी पहिलं आणि मधलं बोट शिवणीच्या दोन्ही अंगांना, अंगठा खाली शिवणीवर, मनगट चेंडूच्या मागे ताठ. आउटस्विंगला सीम पहिल्या स्लिपकडे आणि चकाकी लेगच्या बाजूला. इनस्विंगला सीम फाइन लेगकडे आणि चकाकी ऑफला. मनगट जरा बाजूला पडलं की सीम भोवऱ्यासारखी लडबडते आणि हवेला कळेनासं होतं कुठं चिकटायचं. आमचे सर अकोल्याचे. ते रनअपबद्दल फारसं बोलत नाहीत. म्हणतात, “हात तं सारेच फिरवतेत. मनगट पाह्य बेटा, मनगट.” घरी पलंगावर पाठीवर पडून छताकडे चेंडू उडवायचा आणि सीम सरळ फिरत राहते का ते बघायचं, हा त्यांनी दिलेला गृहपाठ. आजी खाटेवरून विचारायची, “काय वं, बॉल झेलाले का मैदान कमी पडलं तुले?”

हवेचं झालं. आता जमिनीचं, आणि इथं वऱ्हाडाचा स्वभाव कळतो. तालुक्याच्या गावी बहुतेक सामने मॅटवर होतात. काथ्याची मॅट ओढून, ताणून, कडेनं मोठे खिळे ठोकतात. ती सैल राहिली की चेंडू घसरतो, ताणलेली असली की छातीपर्यंत उसळतो. मॅटवर कटर, म्हणजे बोटांनी कापून सोडलेला चेंडू, झकास पकडतो. म्हणून आमच्याकडची मुलगी आधी ऑफकटर शिकते, स्विंग मागाहून. मग ती टर्फवर जाते आणि तिचा तोच कटर सरळ निघून जातो. आपली काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावरची खेळपट्टी पहिल्यांदा बरी वागते, मग चेंडू खाली राहू लागतो. मॅटवर जो गुड लेंग्थ चेंडू पोटाला लागायचा तो इथं नडगीवर येतो. वाईट काय त्यात? माझ्या वेगाच्या बोलरला खाली राहणाऱ्या खेळपट्टीइतकी सोबत दुसरी नाही. स्टंपात टाकायचं आणि एलबीडब्ल्यू मागायचं. पण टप्पा अर्धा पाऊल पुढे न्यावा लागतो, आणि हे अर्धं पाऊल शिकायला कुणाला एक हंगाम लागतो, कुणाला तीन.

याच जिल्ह्यांतून वेगवान पोरंही गेली. अकोल्याचा आदित्य ठाकरे (नावावरून हसू नका, हा बोलर आहे) विदर्भाकडून थेट २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्यात पहिल्यांदा खेळला. त्याच सामन्यात रजनीश गुरबानीनं हॅटट्रिक घेतली आणि विदर्भ पहिल्यांदा रणजी जिंकला. मुलींत मात्र अमरावतीनं बॅटर दिल्या. भारती फुलमाळी मार्च २०१९ मध्ये गुवाहाटीला इंग्लंडविरुद्ध भारताकडून खेळली. दिशा कासटला २०२३ च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात बंगळूरच्या संघानं घेतलं. त्याच संघानं नागपूरची डावखुरी वेगवान बोलर कोमल झंझाड हिलाही घेतलं, तेव्हा आम्हा बोलरांच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले. त्या लिलावात पाच संघांनी मिळून ८७ जणी घेतल्या, त्यांतल्या ३० परदेशी. उरल्या ५७, अख्ख्या देशातून. इतक्या थोड्या जागांत बोलर नजरेत येणं अवघड. दोन मिनिटांच्या व्हिडिओत षटकार दिसतो; दोन धावांत संपलेलं षटक दिसत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. निवड करणाऱ्यानं सहाही चेंडू बघावेत, एवढंच.

पैशाचं विचाराल तर चित्र पालटतंय. २००६ मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयकडे आलं, त्याआधीच्या पिढीनं रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास करत, स्वतःचं अंथरूण घेऊन सामने खेळले. २०२१ मध्ये देशांतर्गत सामन्यांत वरिष्ठ मुलींचं दिवसाचं मानधन १२,५०० वरून २०,००० झालं आणि डिसेंबर २०२५ मध्ये एकदिवसीय सामन्यांसाठी ५०,०००. हे अकरात असलात तर. राखीव असलात तर निम्मं. वर्षाचे सामने मोजके, म्हणून घरचे अजूनही विचारतात, “परीक्षेचं काय?” नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारतानं विश्वचषक जिंकला त्या रात्री मात्र कुणी परीक्षेचं नाव काढलं नाही. अंतिम सामन्यात ३९ धावांत ५ बळी घेणारी दीप्ती शर्मा ऑफस्पिनर आहे, माझ्याहूनही कितीतरी हळू टाकणारी. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरच्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, “तिचं वेगळं हाय.”

सराव पहाटे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, नऊनंतर मैदान नुसतं तव्यासारखं. अमरावती-अकोला प्रवास पूर्वी हाडं मोजणारा होता. २०२२ च्या जूनमध्ये मूर्तिजापूरकडचा ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, तेव्हापासून माझी कंबर त्या कंत्राटदाराची ऋणी आहे. कंबरेचं मी थट्टेत सांगत नाही. पुढचा पाय क्रीजवर आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार वर चढतो आणि पाठीच्या खालच्या मणक्यावर पडतो. तरुण वेगवान बोलरांना तिथंच बारीक तडा जातो. म्हणून आठवड्याला किती चेंडू टाकले याची वही ठेवावी लागते, आणि ताप नसताना, पाय ठीक असताना ‘आज नाही’ म्हणायला शिकावं लागतं. आमच्याकडे ते सगळ्यात अवघड. पोरगी मैदानावर आली आणि बसून राहिली, तर लोक विचारतात.

मार्च २०२४ मध्ये पुण्यात मुलींची विभागीय बहुदिवसीय स्पर्धा सहा वर्षांनी पुन्हा सुरू झाली. लाल चेंडू, तीन दिवस. मला पुढे तिथं जायचंय, कारण जुन्या चेंडूनं तिसऱ्या स्पेलमध्ये काय करायचं हे वीस षटकांच्या सामन्यात कळतच नाही.

सध्या सरांशी एकच वाद आहे. मला वेग पाच किलोमीटरनं वाढवायचाय. ते म्हणतात, आहे तो राहू दे, सीम बिघडेल. मी त्यांचं निम्मं ऐकलंय. रनअप दोन पावलांनी लांबवलाय, मनगटाला हात लावलेला नाही. आकडा ११४ वर गेला आणि चेंडू तेवढाच वळला तर तिथं थांबेन. १२० च्या मागे लागणार नाही.