बंदीचा माळ, मोकळी नदी

देवळाली कॅम्प म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक इथली हवा. मुंबईचे पारशी, गुजराती लोक पूर्वी हवापालटाला इथं येत, त्यांचे बंगले आणि सॅनिटोरियमं अजून उभी आहेत. दुसरी गोष्ट तोफा. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात, तो शब्दही आमच्याच गावाचा. विलायतेच्या बोटीची वाट बघत इथं महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या गोऱ्या सोल्जरांनी तो जाताना बरोबर नेला. हवा, तोफा आणि वेड. गवताचं आणि पाण्याचं कुणी विचारत नाही. आमचं घर मात्र त्या दोहोंवरच चाललं.

माझं माहेर दारणेच्या काठी, कॅम्पापासून चालत पाऊण तासावर. घरी चार म्हशी. आबा पहाटे सायकलला कॅन लावून कॅम्पात रतीब घालायला जात. म्हशींना पाणी नदीचं आणि चारा माळाचा. माळ म्हणजे फायरिंग रेंजच्या कडेचा पट्टा. तिकडं पश्चिमेला बहुल्याचा किल्ला दिसतो. तो सगळा भाग तोफखान्याचा. लाल बावटा लागला की तिकडं फिरकायचं नाही, हे आम्हाला अ-आ-ई शिकायच्या आधी कळलेलं. गोळा सुटला की घरातली भांडी थरथरत आणि म्हशी कान हलवून पुन्हा रवंथ करायला लागत. गावातली काही पोरं फुटलेल्या गोळ्यांचं पितळ वेचायला आत शिरायची. त्यापायी हातपाय गमावलेली माणसं आमच्या पंचक्रोशीत पाहिलेली होती, त्यामुळे आई आम्हा भावंडांना बजावून ठेवायची, "भंगाराला हात लावला तर घरात घेणार न्हाई."

दसऱ्यानंतर बावटा नसलेल्या दिवशी बाया विळे घेऊन निघत. मीही आईच्या मागं. तिथं शिकले ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. तुम्हाला आम्हाला लांबून जे नुसतं 'गवत' दिसतं, त्यात आई चार-पाच जाती ओळखायची. पवना म्हशीला गोड लागतो, तो आधी कापायचा. मारवेलाच्या पेऱ्यावर पांढऱ्या लवेचं कडं असतं, ते बोटानं चाचपून ती अंधारातही सांगायची. कुसळीचं गवत फुलायच्या आत उचलायचं. एकदा कुसळं वाळली की ती पीळ घेतात, दंवानं भिजली की उलटी फिरतात, आणि अशी फिरत फिरत लुगड्यातून मांडीपर्यंत पोचतात. रात्री कंदिलापुढं बसून एकमेकींची कुसळं काढायची हा दिवाळीआधीचा आमचा ठरलेला कार्यक्रम असे. भारे वळचणीला रचले की आईचा चेहरा मोकळा व्हायचा. होळीपर्यंतची सोय झालेली असायची.

उन्हाळ्यात कधी गोळ्याच्या ठिणगीनं माळ पेटायचा. रात्री डोंगराच्या अंगावर आगीची माळ सरकताना दिसायची. मला वाटायचं, आता संपलं. पण मृगाचे चार शिंतोडे पडले की त्याच काळ्या जमिनीवर पोपटी लव यायची. गवताचं मूळ जमिनीखाली शाबूत असतं. वरचं जळालं, चरलं गेलं तरी त्याला फार फरक पडत नाही. त्याला मारायचं तर नांगरच हवा.

शाळा कॅम्पातली. भूगोलाच्या बाईंनी एकदा जगाचा मोठा नकाशा टांगला. विषुववृत्तीय वनं गडद हिरवी, वाळवंट पिवळं, टुंड्रा करडा, आणि आफ्रिकेत पिवळसर रंगाचा 'सॅव्हाना' नावाचा गवताळ प्रदेश, त्यात जिराफ काढलेला. आमचा भाग पानझडी वनात घातला होता. पानझडी वन बघायला आम्हाला आगगाडीत बसावं लागे. मावशी इगतपुरीला राहायची. पॅसेंजरनं पंचेचाळीस किलोमीटर. तिच्याकडं पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, भिंतींना बुरशी, डोंगरात दाट रान. तिथून परत निघालं की एकेक स्टेशन मागं पडेल तसं झाड खुजं होत जायचं, पाऊस विरळ व्हायचा. देवळालीला उतरलं की बाभूळ, बोर आणि मोकळं आभाळ. नाशिकचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्री ढगांना अडवतो आणि आपल्याला उरलेलं मिळतं, एवढं बाईंनी सांगितलं होतं. त्या तासा-दीड तासाच्या प्रवासात नकाशातले दोन-तीन रंग आम्ही खिडकीतून ओलांडत होतो, हे मात्र माझं मला फार पुढं उमगलं.

सरकारी कागदावर असल्या माळाला 'पडीक' म्हणतात. जिथं झाडं दाट नाहीत ते रान बिघडलेलं, तिथं कधीतरी जंगल असणार आणि आपण ते तोडलं असणार, असा आपला पक्का समज. म्हणून मग जून आला की खड्डे खणून झाडं लावायची. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघा अभ्यासकांनी जुनं मराठी वाङ्मय, ओव्या, कथा चाळून पश्चिम महाराष्ट्रातल्या माळांचा माग काढला. त्यांत आलेली झाडंझुडपं बहुतेक मोकळ्या माळावरचीच निघाली, आणि हे साक्षीपुरावे तेराव्या शतकापर्यंत मागं जातात. म्हणजे आमचा माळ हा मेलेल्या जंगलाचा सांगाडा नव्हे. तो पहिल्यापासून माळच. ते वाचलं तेव्हा मला आई आठवली. पडीक जमिनीतल्या गवताच्या पाच जाती तिला नावानिशी ठाऊक होत्या!

आता बघा, बाकीचा माळ कुठं राहिला? लहवितकडं, भगूरकडं, नाशिकरोडकडं, जिथं जिथं बंदी नव्हती तिथं प्लॉट पडले, द्राक्षं आली, गोदामं आली. जिथं नांगर आणि सिमेंट पोचलं नाही तिथं मोकळ्या जागेत गाजर गवत घुसलं. ते १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं आणि अवघ्या देशभर झालं. आज पवना-मारवेल सलग बघायचं तर रेंजच्या तारेपलीकडं बघावं लागतं. टिटवी, चंडोल, धाविक ही जमिनीवर अंडी घालणारी पाखरंही तिथंच. तोफांनी गवत राखलं असं कुणी म्हणालं तर हसू येईल, पण आमच्या डोळ्यांसमोर तरी तसंच झालंय. मला त्यात फारसं समाधान वाटत नाही. माणसाला मज्जाव केल्याखेरीज जागा टिकत नसेल तर आई विळा घेऊन जात होती त्याला काय म्हणायचं? ती वर्षानुवर्षं गवत कापत होती आणि गवत उगवत होतं.

नदीला मात्र लाल बावटा नव्हता.

दारणा कुलंग किल्ल्याच्या डोंगरात उगम पावते, पार खाली निफाड तालुक्यात दारणासांगवीला गोदावरीला मिळते. इगतपुरी तालुक्यात नांदगावजवळ तिच्यावर धरण आहे, ते १९१६ सालचं. म्हणजे माझ्या आजीनेही बिनधरणाची दारणा धड पाहिली नसेल. ते पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून कालव्यांनी कोपरगाव, राहात्याकडं जातं. पुढं भावली, मुकणे, भाम, वाकी अशी आणखी धरणं झाली. त्यामुळे आमच्या गावात नदीला पूर 'येत' नाही, पाणी 'सुटतं'. आणि उन्हाळ्यात येतं ते आवर्तन. अक्षर न येणारी म्हातारी माणसंसुद्धा सहज विचारतात, "आज किती क्युसेकनी सोडलं?"

यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. उन्हाळ्यात नदीला पाणी मिळतंय! खरं आहे, आमच्या वावरालाही मिळालं. पण नदीत जे जगतं त्याचं पंचांग वेगळं. शेजारी एक भोई बाबा होते. ते सांगायचे, मृगाच्या पहिल्या गढूळ लोंढ्याबरोबर मासे वर चढतात आणि उथळ पाण्यात अंडी घालतात. त्या लोंढ्याची चाहूल हाच त्यांचा मुहूर्त. आता पहिला लोंढा धरणात अडतो, धरण भरत आलं की जुलै-ऑगस्टात एकदम दरवाजे उघडतात. वर चढायची वाट तर भिंतीनं बंदच. आणि पूर्वी वैशाखात नदी आटून डोह उरत, त्या निवळ डोहांत मरळ, वाम तग धरून राहत. आवर्तनाचं पाणी भर उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवस दुथडी भरून येतं आणि एके रात्री उतरतं. सकाळी कडेच्या खाचांत अडकलेली बारकी मासळी बगळे टिपत असतात. त्यात वाळू गेली, आणि वाळू गेल्यावर डोहही गेले. बाबांनी जाळं शेवटी टोमॅटोच्या वाफ्यावर पाखरांसाठी पसरलं.

अगदीच मासे राहिले नाहीत असं नाही. चिलापी आहे. ती आफ्रिकेची, १९५२ मध्ये आपल्या देशात आणली. घाण पाण्यात, कमी हवेत, कशीही जगते. वर पानवेली आहेत, त्या ॲमेझॉनच्या. बाईंच्या नकाशावरची खंडं अशी आमच्या घाटाशी येऊन ठेपली. पानवेली फुलते तेव्हा जांभळी दिसते सुरेख, फोटोही काढतात लोक. पण ती पसरली की खाली ऊन पोचत नाही, मेलेली पानं कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. तिला खत आपणच घालतो. वावरातला युरिया पावसानं नदीत जातो, गावागावाचं सांडपाणी जातं. चेहेडीला वालदेवी मिळते ती शहराची घाण घेऊनच. त्याच चेहेडीवरून नाशिकरोडला प्यायचं पाणी उचललं जातं. सोडणारे आपण आणि पिणारेही आपणच.

पृथ्वीच्या पाठीवर गोडं पाणी जेमतेम एक टक्का जागा व्यापतं, आणि जगातल्या माशांच्या साधारण निम्म्या जाती त्या एवढ्याशा पाण्यात राहतात. नदी, ओढा, तळं जग सांभाळण्याच्या मानानं किती लहान आहे ते या हिशेबात कळतं. तरी माणसाचा हात लागला की सगळंच बिघडतं असंही मला म्हणवत नाही. नांदूर मध्यमेश्वर बघा. शंभरेक वर्षांपूर्वी पाटबंधाऱ्यासाठी घातलेला बंधारा, त्यात गाळ साचत गेला, उथळ दलदल झाली, पाणवनस्पती आल्या, आणि हिवाळ्यात मध्य आशियातली बदकं उतरू लागली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, आणि २०२० मध्ये रामसरच्या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. आमच्याच दारणेनं वाहून नेलेली माती त्यात असणार. आमची माती तिकडं पाखरांच्या कामी आली याचा मला बरा वाटतो एवढा आनंद आहे. पण आमच्याकडची मरळ काही तिथून परत येत नाही.

आवर्तनाच्या पाण्यावर दारणाकाठी ऊस उभा राहिला. उसाला रोज बघावं लागत नाही, भावाची धाकधूक कांद्याइतकी नाही, म्हणून आमच्या दादानंही म्हशी विकून घरामागच्या दीड एकरात ऊसच लावला. ऊस हेही गवतच म्हणा, पण बारा-बारा महिने उभं राहणारं, पुरुषभर उंच, आत सावली आणि शेजारी पाणी. बिबट्याला आणखी काय हवं? उसात तो व्यायला लागला, उसातच त्याची पिलं मोठी झाली. विद्या अत्रेय यांच्या गटानं शेजारच्या नगर जिल्ह्यात अकोल्याच्या शेतीभागात कॅमेरे लावून मोजलं, तर शंभर चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास मोठे बिबटे निघाले. जंगल नाही, नुसती पिकं. आमच्याकडं २०२० मध्ये दारणाकाठच्या गावांत बिबट्यानं माणसं मारली. त्यात लहान मुलं होती, म्हातारी माणसं होती. वनखात्यानं पिंजरे लावले, एकामागून एक बिबटे धरले. त्या महिन्यांत आमच्या गल्लीत दिवस मावळला की दारं बंद. आबांना रात्री लघवीला उठायचं तर दोघं बॅटरी घेऊन सोबत.

परवा जानेवारीत गेले तेव्हा ऊसतोड झालेली होती. दादा खोडवा राखायच्या विचारात होता. वहिनी एरवी त्याच्यापुढं बोलत नाहीत, त्या दिवशी बोलल्या.

"ताई, तुमीच सांगा ह्यांला. नात आंगणात खेळती. त्या भिंतीपासून ऊस सात पावलांवर."

दादा म्हणाला, "मंग काय लावू? सोयाबीन? त्याचा भाव बघितला का?"

"काही बी लावा, पण ज्याच्यात जनावर दिसंल असं लावा."

मी मध्ये पडले नाही. कर्ज त्याच्या नावावर आहे आणि नात दोघांची. दोन दिवस घरात कुणी नीट बोलेना. तिसऱ्या दिवशी दादा मोटरसायकल घेऊन कुठंतरी गेला आणि दुपारी गोणीत मातीसकट गवताची ठोंबं घेऊन आला. रेंजच्या कडेच्या बांधावरून आणली म्हणाला. घराकडच्या वीस गुंठ्यांत मारवेल लावायचं, पलीकडं खोडवा ठेवायचा, आणि दोन म्हशी पुन्हा घ्यायच्या. हिशेब त्यानं वहीत मांडला होता. मला तो जुळेल असं वाटलं नाही. वहिनींनी वही बघितली नाही, सरळ फावडं घेतलं.

आई पडवीत बसलेली. तिला आता दिसतं कमी. तिनं गोणी पुढ्यात ओढायला लावली, एकेक ठोंब हातात घेऊन पेऱ्यावरून अंगठा फिरवला आणि डाव्या-उजव्या हाताला दोन ढीग करत गेली.

"निम्मं कुसळच उचललंस," ती दादाला म्हणाली. "उद्या सकाळी मला घिऊन चल तिथं."