नानांच्या पेटीतली सनई

आमच्या गावाकडं हार्मोनियमला पेटी म्हणतात. पुढं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जे जे आलं, त्यालाही माणसं पेटीच म्हणत राहिली. त्यामुळं १९९२ साली माझ्या चुलत्यांनी, म्हणजे नानांनी, मुंबईच्या एका वादकाकडून वापरलेला यामाहा डीएक्स-सेव्हन आणला तेव्हा गावभर एवढीच बातमी झाली, की नानांनी लाइटवरची पेटी आणली. त्यासाठी दोन दुभत्या म्हशी गेल्या. आजी म्हणाली, "हिला दूध न्हाय का शेण न्हाय. काय करायचं हिचं?" आणि महिनाभर नानांशी बोलली नाही.

आमचा माण तालुका दुष्काळी. शेतीवर भागत नाही, म्हणून माणसाच्या हातात दुसरं काहीतरी लागतंच. नानांच्या हातात वाजवणं होतं. पाच-सहा जणांची पार्टी. लग्नसराई, चैत्रातली शिखर शिंगणापूरची यात्रा, मग गावोगावच्या जत्रा. मी शाळकरी पोरगा, वायरी गुंडाळायला आणि स्टँड धरायला बरोबर असायचो.

त्या पेटीत बत्तीस आवाज राहायचे. पियानो, बासरी, घंटा असे. पण लग्नात लागते ती सनई, आणि सनई तिच्यात नव्हती. नाना इरेला पेटले. ह्या यंत्रात आवाज रेकॉर्ड केलेला नसतो, तो आकड्यांनी तयार करावा लागतो. जॉन चाउनिंग नावाच्या अमेरिकन माणसानं शोधलेली ती रीत. एका लहरीनं दुसरीला हलवायचं, की नवाच आवाज निघतो. अशा सहा लहरी, त्या जोडायच्या बत्तीस तऱ्हा आणि एकेका आवाजाला दीडशेच्या आसपास आकडे. ते बदलायला मात्र सपाट बटणं आणि एकच सरकपट्टी. इंग्रजी पुस्तक नानांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कानानं काम केलं.

कान त्यांचा, पण सूर तात्यांचा. तात्या आमच्या गावचे पिढीजात वाजंत्री, होलार समाजातले. हळद असो, वरात असो, देवाची पालखी असो, तात्यांच्या सनईशिवाय काही हलायचं नाही. १९९४ च्या पावसाळ्यात, लग्नं नसताना, तात्या रोज रात्री आमच्या सोप्यात येऊन बसायचे. नाना म्हणायचे, "तात्या, निस्ता सा धरा." तात्या गाल फुगवून सूर धरायचे आणि नाना एक आकडा हलवून ऐकायचे. परत हलवायचे. तात्या मान हालवायचे, "न्हाय नाना, ही पिपाणी झाली." दीड महिना हे चाललं. एका रात्री नानांनी फीडबॅकचा आकडा पार वरती, सातावर नेला, आवाजाला तो नाकातला खर आला, आणि तात्या पत्ती ओठातून काढून म्हणाले, "आता आली घरात."

नाव द्यायला पडद्यावर दहाच घरं असतात. इंग्रजीत 'तात्यासनई' मधे जागा न सोडता लिहिलं तर बरोबर दहा अक्षरं होतात. नानांनी ती माझ्याकडून टाकून घेतली. मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

पुढचं सांगायला जड जातं. दोन-तीन वर्षांत लग्नघरची माणसं म्हणायला लागली, "नानांच्या पेटीत सनई हाय की. आणि येगळी कशाला?" दोन सुपाऱ्यांच्या जागी एक. आधी वरातीतनं तात्या गेले, मग हळदीतनं. नानांनी त्यांना काढलं असं नाही, पण बोलवाच असं कुणाला ठासून सांगितलंही नाही. एका लग्नात तात्या मांडवाच्या कडेला उभे होते आणि भोंग्यातून त्यांचीच सनई वाजत होती. वाजवणं झाल्यावर ते नानांजवळ आले आणि म्हणाले, "सूर बरा लागलाय. पर जेवायला तरी बोलवत जावा." हसून म्हणाले. नाना हसले नाहीत.

२००४ साली तात्या गेले. त्यांचा थोरला मुलगा शिरवळला एमआयडीसीत लागला होता, सनई घरात खुंटीला टांगलेली.

२००९ च्या उन्हाळ्यात नाना पेटी घेऊन माझ्याकडं आले. मी तेव्हा दहिवडीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. पेटी वाकळेत गुंडाळून, वडापच्या टपावर बांधून आणलेली. तिच्यात एक नाण्याएवढी बॅटरी असते. लाइट गेली तरी आवाज लक्षात राहतात ते तिच्या जिवावर. ती आता संपत आली होती. दुरुस्तीवाला म्हणाला होता, "टाका इथं, दहा मिनिटात बदलतो." पण ह्या यंत्रात बॅटरी डाग देऊन बसवलेली असते. काढली की आतलं सगळं पुसलं जाणार. बत्तीसच्या बत्तीस.

मी विचारलं, "नाना, सनईचे आकडे लिहून ठेवलेत का कुठं?"

"हाताला ठावं हुतं, लिवायचं कशाला?"

"मग परत करता येईल?"

नाना जरा वेळ गप्प बसले. "करायला कान कुठं ऱ्हायलाय? आणि सूर धरायला तात्या कुठं हाय?" भोंग्याशेजारी आयुष्य गेल्यानं त्यांना बारीक ऐकू येत नव्हतं, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं.

पेटीच्या मागं पाच पिनांची गोल भोकं होती. मिडी. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून ठरलेली ती पद्धत. जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ हे तिच्यामागचे मोठे लोक. मी नानांना सांगितलं, की ह्या वायरीतनं आवाज जात नाही, कुठली पट्टी दाबली, कुठला आकडा किती, एवढंच जातं.

"म्हंजी सांगावा," नाना म्हणाले.

"हां, सांगावाच."

आतले बत्तीस आवाज एकदम बाहेर धाडायचीही सोय त्यात आहे. तो निरोप पत्रासारखा असतो. सुरुवातीला एक ठरलेली खूण, जसं आपण वर श्री लिहितो. मग कुठल्या कंपनीचं वाद्य तो नंबर. मग मजकूर. शेवटी मजकूर नीट पोचला का ते ताडायला एक बेरीज आणि संपल्याची खूण, जसं आपण कळावे लिहितो. डीएक्स-सेव्हनचं हे पत्र बरोबर ४,१०४ बाइटचं असतं. एक कमी नाही, एक जास्त नाही. एकेका आवाजाला १२८.

मुंबईहून एक स्वस्तातली यूएसबी-मिडी वायर मागवली. कॉम्प्युटरवर मिडी-ऑक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर घातलं. ऑक्स म्हणजे बैल, असं सांगितल्यावर नाना म्हणाले, "मग वडंल." पण पहिल्या रात्री काहीच ओढलं गेलं नाही. आधी मी वायरच उलटी लावली होती. तिच्या ज्या टोकावर इन लिहिलंय, ते पेटीच्या आउटमध्ये जातं. ती सुलटी केली तरी पडदा कोराच. तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली. अंधारात नाना म्हणाले, "पेटीतली गेली तर न्हाई न्हवं?" गेली नव्हती, पण माझ्याही पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी पुस्तक वाचल्यावर कळलं, की पेटीत आधी एक परवानगी द्यावी लागते. फंक्शनचं बटण, मग मिडीचं, आणि तिथं 'अनअव्हेलेबल' असेल ते 'अव्हेलेबल' करायचं. ती न देता आम्ही तिच्याकडं मागत बसलो होतो. परवानगी दिली, परत बटण दाबलं, पेटीनं विचारलं, पाठवू का? नानांनीच 'येस' दाबलं. आकडे आले. मोजले तर चार हजाराच्या आतच. परत घेतले, तर वेगळाच आकडा. स्वस्तातल्या वायरी लांबलचक निरोप अर्ध्यावर गाळतात हे तेव्हा समजलं. नुसत्या सुरांना चालतात, अशा पत्राला नाही. तशीच फाइल भरवशावर ठेवून बॅटरी काढली असती, तर काय झालं असतं हा विचार आजही नको वाटतो.

साताऱ्याचा एक मित्र रेकॉर्डिंगचं काम करायचा. त्याच्याकडून चांगला इंटरफेस दोन दिवसांसाठी आणला. वायर लावली, 'येस' दाबलं. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिटांचा. म्हणजे सगळा ऐवज यायला जेमतेम सव्वा-दीड सेकंद. खाली आकडा उमटला: ४,१०४.

"झालं?" नाना म्हणाले. "दीड महिना लागला हुता रं."

मी तीन वेळा घेतलं, तिन्ही फायली एकमेकींशी ताडल्या, मगच पेटी दुरुस्तीला दिली. बॅटरी बदलून आली तेव्हा आवाजांच्या जागी नुसता कचरा होता. परत घालताना मेमरीचं कुलूप उघडावं लागतं. ते उघडून फाइल धाडली. पडद्यावर दहा अक्षरं उमटली. नानांनी सा दाबला. दोन्ही डोळे मिटून, कान पेटीला लावून ऐकला. मग म्हणाले, "ह्याची एक प्रत त्याच्या पोराला दे. त्याचं त्याला पोचव."

पण नुसती फाइल देऊन काय उपयोग? मसाल्याची चिठ्ठी दिली म्हणून कालवण होत नाही. त्याच्याकडं पेटी नव्हती. ते तसंच राहिलं. पुढं डेक्स्ड नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर हाताला लागलं. ते कॉम्प्युटरमध्येच डीएक्स-सेव्हन होतं आणि त्याचीच फाइल वाचतं. २०१६ च्या दिवाळीत लॅपटॉप आणि छोटा कीबोर्ड घेऊन मी तात्यांच्या घरी गेलो. थोरला सुट्टीवर आला होता. मी सनई लावली आणि तात्यांची हळदीची चाल जमेल तशी वाजवली.

तो खाली बघून ऐकत होता. थांबल्यावर म्हणाला, "आवाज आबांचाच हाय. पर आबा हितं दम घ्यायचे, तवा सूर जरा हलायचा. त्यो ह्यात न्हाय." खरं होतं. डीएक्स-सेव्हनला तोंडानं फुंकायचं एक जोडयंत्र लावता येतं, त्यानं आवाज कमी-जास्त होतो. नानांना ते कधी मिळालं नाही. फुंकर तात्यांच्या घरीच राहिली.

मग त्यानं विचारलं, "दादा, ह्यावर नानांनी किती लग्नं वाजवली असतील?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं चहा ठेवायला सांगितला, खुंटीवरची सनई काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "असू दे. पेनड्राइव्हवर घालून द्या. पोरगं म्हणतंय शिकतो."

घरी येऊन नानांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "काय म्हणला?" मी तो प्रश्न सांगितला. नाना बराच वेळ अंगणाकडं बघत बसले.

"मोजली न्हाईत," ते म्हणाले. "मोजाया पायजे हुती."

त्या दिवाळीपासून आमच्या गावाकडच्या कुठल्याही लग्नात कुणी नानांना विचारायला आलं, की नाना आधी तात्यांच्या घरी फोन करायला सांगतात. पोरगं आता हळद वाजवतं, खऱ्या सनईवर. मिळतं ते फार नाही. फाइल माझ्याकडं तीन ठिकाणी आहे. वर्षातून एकदा उघडून मी तिचा आकडा बघतो, आणि नाना पलीकडून विचारतात, "हाय का समदी?"