मधली खुर्ची

स्टिरिओ ऐकण्याची खरी जागा एकच असते. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण जमला की गायक बरोबर मधोमध उभा राहतो. खुर्ची हातभर सरकवली की तोच गायक जवळच्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. स्टुडिओत ही मधली खुर्ची रेकॉर्डिस्टची. मागे सोफ्यावर बसलेल्यांच्या वाट्याला उष्टे येते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात ध्वनीवर जे काम झाले, त्यातले सर्वांत गाजलेले काम म्हणजे या खुर्चीशी घातलेला वाद आहे.

गाणे कसे मुद्रित करावे हे शिकायला मात्र डेल्फ्टला जात नाहीत. मराठी मुलांना त्यासाठी पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट ठाऊक असते. डेल्फ्टकरांसाठी शेजारच्या हेगमधली रॉयल कॉन्झर्व्हेटरी आहे. डेल्फ्टमध्ये ध्वनी आला तो भौतिकशास्त्राच्या दारातून. त्स्विकर आणि कोस्टन या दोघांचे ध्वनिशोषक पदार्थांवरचे पुस्तक १९४९ साली निघाले. नमदा, लोकर, सच्छिद्र पाट्या आवाज कशा पितात, हा त्याचा विषय. संगीताशीही थोडी सोयरीक झाली: १९५०च्या दशकाच्या अखेरीस इथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा छोटा स्टुडिओ होता, पण १९६० मध्ये तो उट्रेख्टला गेला.

ध्वनिविद्येचा पहिला धडा खोलीचा. रिकाम्या खोलीत फुगा फोडायचा आणि आवाज साठ डेसिबलने उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. त्यासाठी सॅबिन या शास्त्रज्ञाचे सूत्र सोपे आहे: घनफळाला ०.१६१ ने गुणून एकूण शोषणाने भागायचे. दोनशे घनमीटरच्या खोलीत शोषण सोळा चौरस मीटर असेल तर उत्तर दोन सेकंद येते, म्हणजे एक शब्द विरायच्या आत पुढचे चार त्यावर येऊन पडतात. भिंतींना जाड नमदा लावून शोषण चाळीसवर नेले की ०.८ सेकंद. गणित तेवढेच, पण त्याच खोलीत आता बोललेले कळते.

खुर्चीचा प्रश्न सुटला तो तेलामुळे. ए. जे. बेर्कहाउट १९७६ मध्ये डेल्फ्टला प्राध्यापक होण्याआधी शेल कंपनीत होते. तेल शोधताना जमिनीला हादरा देतात, खालच्या थरांवरून परतलेले तरंग संवेदकांच्या लांब रांगेने टिपतात आणि गणिताने मागे नेऊन थर कुठे आहेत ते काढतात. रांगेने टिपलेला तरंग मागे नेता येत असेल, तर स्पीकरच्या रांगेतून तो पुन्हा उभाही करता येईल. या विचारावरचा बेर्कहाउट यांचा निबंध १९८८ मध्ये आला. पुढे डीमर दे व्रीस यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह तो विचार वाढला आणि वेव्ह फील्ड सिंथेसिस या नावाने रूढ झाला.

त्यामागचे तत्त्व हेगमध्येच जन्मलेल्या ख्रिस्तियान हॉयगन्सचे, १६९० साली छापलेले. डेल्फ्टच्या कालव्यात खडा टाकला की वर्तुळ पसरते. त्या वर्तुळावरचा प्रत्येक बिंदू स्वतः एक छोटा खडा असल्यासारखा वागतो. अशा बिंदूंच्या जागी स्पीकर ठेवले आणि प्रत्येकाला योग्य उशिराने व योग्य जोराने वाजवले, तर भिंतीपलीकडे नसलेला व्हायोलिनवादक तिथेच उभा असल्यासारखा तरंग खोलीत येतो. ऐकणारा कुठेही फिरो, वादक जागा सोडत नाही. विसर्जन मिरवणुकीतली डीजेची भिंतही स्पीकरचीच. पण तिथे सगळ्यांना सरसकट एकच सिग्नल दिलेला असतो, आणि कानाला त्यातून दिशा नाही, फक्त मार मिळतो.

अडचण अंतराची आहे. दोन स्पीकरमधले अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा वाढले की तरंगाची कड फाटते. सतरा सेंटीमीटर अंतर ठेवले तर सुमारे एक हजार हर्ट्झपर्यंतच काम चोख होते. स आणि श यांचा फुत्कार त्याच्या कितीतरी वर असतो. त्यामुळे खोलीत चालताना वादक हलला नाही तरी त्याच्या आवाजाचा रंग किंचित बदलत राहतो. शिवाय कानाच्या उंचीवर मांडलेली रांग वरून येणारा आवाज देऊ शकत नाही.

आणि खर्च. लायडनमध्ये २००६ साली उभ्या राहिलेल्या फिरत्या संचात १९२ स्पीकर होते. बर्लिनच्या तंत्रविद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात ८३२ स्वतंत्र वाहिन्या बसवल्या गेल्या. घरच्या दिवाणखान्यात अजूनही दोनच स्पीकर असतात, आणि मधली खुर्ची जो आधी येईल त्याची.